मारत नाही, पीत नाही, तरी जीव घुसमटतो: हळूहळू होणारा मानसिक छळ ओळखायचा कसा, सावरायचं कसं?

सांजवात
नमस्कार मंडळी. आमच्या सोसायटीत संक्रांतीच्या हळदीकुंकवाला दरवर्षी कुणीतरी दहा मिनिटं एखाद्या विषयावर बोलतं. यंदाचा विषय आहे घरातला मानसिक छळ. साठ-सत्तर जणी येतात, नव्या सुनेपासून पंच्याहत्तरीच्या आजींपर्यंत. वाण म्हणून प्लास्टिकच्या डब्याऐवजी पोस्टकार्डाएवढं छापील कार्ड द्यायचा विचार आहे.

अडचण अशी की हा विषय काढला की समोरून हमखास येतं, "मारत नाही, पीत नाही, पगार घरात देतो, मग त्रास कसला?" यावर नेमकं काय सांगायचं? दुसरं, ओळखल्यानंतर बाईने पुढे करायचं काय? "खंबीर व्हा" छापाचं नको. उद्या सकाळी उठून करता येईल असं सांगा. स्वतःचे अनुभव इथे लिहू नयेत ही विनंती, लिहिणाऱ्यांच्याच सुरक्षिततेसाठी.

केवडा
चांगला विषय. समुपदेशनाच्या कामात रोज दिसतं ते लिहिते.

एका घटनेवर बोट ठेवता येत नाही, हीच या छळाची खूण. कुठलाही प्रसंग सुटा काढून सांगितला की ऐकणारा म्हणतो, "एवढंसं तर झालं." म्हणून प्रसंग मोजू नका, बदललेल्या सवयी मोजा.

किराणामालाचं बघा. लग्नानंतर नवरा म्हणतो, "हिशेब मी बघतो, तू कशाला डोक्याला ताप करून घेतेस." बरं वाटतं. मग येतं, "पावती ठेवत जा, महिन्याचा अंदाज येतो." यातही वावगं काही नाही. मग एकदा कोथिंबिरीची जुडी तीस रुपयांना आणली म्हणून पाहुण्यांसमोर टोमणा, "हिला व्यवहार कळत नाही." दोन वर्षांनी तीच बाई दुकानाच्या काउंटरपाशी उभी राहून, कुणी मागितलेला नसताना, पावतीचा फोटो काढून पाठवते आणि ब्लू टिक येईपर्यंत पिशवी उचलत नाही. या दोन वर्षांत आवाज चढलेला नाही, हात उगारलेला नाही. पण मागण्याआधीच हुकूम पाळला जातोय. धाक आत जाऊन बसलाय.

म्हणून बायकांना विचारा: लग्नाआधी तुम्ही काय काय करत होतात जे आता करत नाही, आणि ते कधी, कसं थांबलं? मैत्रिणीला फोन, गाणं म्हणणं, एकटीने बसने माहेरी जाणं, आवडीचा रंग घालणं. जबाबदाऱ्या वाढल्या म्हणून सुटलेल्या गोष्टी वेगळ्या काढा. "नंतरची कटकट नको" म्हणून ज्या सुटल्या, त्यांची यादी किती लांब होते ते बघा.

विनायकराव
विषय गंभीर आहे, मान्य. पण एक काळजी वाटते. भांड्याला भांडं लागणारच. अबोला कुठल्या घरात नसतो? प्रत्येक कुरबुरीला छळ म्हणायला लागलो तर नव्या पोरींच्या मनात उगाच किल्मिष भरेल.

केवडा
विनायकराव, शंका रास्त आहे. त्यामुळे अबोल्याचंच घेऊ.

साधा अबोला रागातून येतो, दोन्ही बाजूंना टोचतो आणि कुणीतरी "चहा घेणार का?" म्हटलं की विरघळतो. तो सुरू असतानाही मुलाच्या शाळेची फी, आईच्या गोळ्या यावर बोलणं होतं. शिक्षेचा अबोला वेगळा. तो नेहमी एकाच बाजूने सुरू होतो. कारण सांगितलं जात नाही, "तुझं तुला कळलं पाहिजे" एवढंच. घरातल्या बाकी सगळ्यांशी, अगदी दूधवाल्याशीही, हसून बोलणं चालू असतं. आणि माफी मागितल्याशिवाय, तीही हवी तशी मागितल्याशिवाय, तो सुटत नाही. तीन-चार वेळा असं झालं की बाई पाचव्यांदा चूक शोधत बसत नाही, थेट माफी मागून मोकळी होते. कशाबद्दल, हे तिलाही ठाऊक नसतं.

भांडण आणि छळ यांतला फरक आवाजाच्या पट्टीवर ठरत नाही. एकच प्रश्न विचारायचा: या घरात मी "नाही" म्हटलं तर काय होतं? वाद झाला, रुसवा झाला, शेवटी काही तोडगा निघाला, तर ते भांडण. आणि प्रत्येक "नाही"ची किंमत मोजावी लागत असेल, म्हणजे आठवडाभर अबोला, माहेरचा उद्धार, पैसे बंद, मुलांसमोर पाणउतारा, "मी जिवाचं बरंवाईट करीन" अशी धमकी, आणि किंमत मोजणारी व्यक्ती कायम एकच असेल, तर तो संसारातला खटका नाही.

विनायकराव
पटलं. "नाही म्हटल्यावर काय होतं" हे मात्र दहा मिनिटांत नक्की सांगा. पुरुषांनीही स्वतःला विचारावं असं आहे.

आबोली_म्हापसा
तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच! यात एक भर घालते, ‘तसं झालंच नव्हतं’ची. "मी असं म्हणालोच नाही", "तुझ्या डोक्यातच काहीतरी घोळ आहे", "सगळ्यांना विचार, कुणाला असं वाटतं का". हे वर्षानुवर्षं ऐकलं की माणसाचा स्वतःच्या आठवणीवरचा भरवसा उडतो. गॅस बंद केला की नाही हे चार चार वेळा बघायला लागतात माणसं.

मनोमय
आबोली, अगदी. मनोविकारांच्या ओपीडीत अशी व्यक्ती बहुतेक वेळा छळाची तक्रार घेऊन येत नाही. "विसरायला होतं", "झोप लागत नाही", "छातीत धडधडतं" म्हणून येते. लॅचमध्ये किल्ली फिरल्याचा आवाज आला की पोटात गोळा येतो का, हा एक प्रश्न विचारला तरी बरंच कळतं. मन "सगळं ठीक आहे" म्हणत असतं, शरीर आधी बोलून जातं.

"मग इतकी वर्षं राहिली का?" हाही प्रश्न तुमच्याकडे येणार. उत्तर असं की छळ सलग नसतो. मध्ये छान दिवस येतात, गजरा येतो, महाबळेश्वरची सहल होते. स्किनर या मानसशास्त्रज्ञाने कबुतरांवर केलेले प्रयोग प्रसिद्ध आहेत. चोच मारल्यावर दाणा कधी मिळतो, कधी नाही, असं अनिश्चित ठेवलं तर दाणा पूर्ण बंद झाल्यावरही पक्षी कितीतरी जास्त वेळ चोच मारत राहतो. माणसाच्या आशेचंही तसंच असतं. ती मूर्ख नसते, पुढच्या चांगल्या दिवसाची वाट बघत असते.

काळाकोट
कायद्याचं मी लिहिते. बऱ्याच जणींना वाटतं, वळ दाखवता आला तरच केस. तसं नाही.

घरगुती हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण अधिनियम, २००५ (अंमल २६ ऑक्टोबर २००६ पासून) याच्या कलम ३ मध्ये शाब्दिक आणि भावनिक छळ व आर्थिक छळ हे शारीरिक छळाच्या बरोबरीने लिहिलेले आहेत. अपमान, हेटाळणी, नावं ठेवणं, मूल किंवा मुलगा नाही म्हणून हिणवणं, जवळच्या माणसाला इजा करण्याच्या वारंवार धमक्या, हे त्यात स्पष्ट आहे. घरखर्चाला पैसे न देणं, स्त्रीधन विकणं, हे आर्थिक छळात येतं. फक्त बायकोच नाही, आई, बहीण, लग्नासारख्या नात्यात राहणारी जोडीदारही अर्ज करू शकते. सासू-नणंदेविरुद्धही अर्ज करता येतो.

अर्ज कलम १२ खाली न्यायदंडाधिकाऱ्यांकडे. स्वतः, वकिलामार्फत किंवा महिला व बालविकास विभागाच्या संरक्षण अधिकाऱ्यांमार्फत. पोलीस तक्रार आधी केलीच पाहिजे असं नाही. माहेरी तात्पुरती राहत असाल तर तिथल्या कोर्टातही चालतो. कायद्यात पहिली तारीख सहसा तीन दिवसांत आणि निकालाचा प्रयत्न साठ दिवसांत असं आहे. प्रत्यक्षात जास्त लागतात, म्हणून कलम २३ खाली अंतरिम आदेश सुरुवातीलाच मागा. घरात राहण्याचा हक्क कलम १७ ने मिळतो, घर कुणाच्या नावावर आहे यावर तो अडत नाही. आदेश मोडला तर एक वर्षापर्यंत कैद, वीस हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही.

वकिलाच्या फीची भीती असेल तर १५१०० वर विधी सेवा प्राधिकरण. स्त्रियांना मोफत वकील मिळतो, उत्पन्नाची अट नाही.

चुकतं कुठे? रागाच्या भरात, किंवा "एकदाचं मिटवू" म्हणून, स्टॅम्पपेपरवर "राजीखुशीने वेगळे होत आहोत" असं लिहून सही करतात. हिंदू विवाह कायद्याखाली झालेलं लग्न असं नोटरीसमोर मोडत नाही. पण त्या कागदातली "माझी कोणतीही मागणी नाही" ही ओळ पुढे तुमच्याचविरुद्ध वाचून दाखवली जाते. कोऱ्या कागदावर, अर्धवट मजकुरावर सही नाही, कुणीही समोर बसवलं तरी.

निळासावळा
पुरुषांचं काय? टोमणे, पैशांवरून हिणवणं, "आत जाशील" अशा धमक्या त्यांच्याही वाट्याला येतात. विचारायला लाज वाटते म्हणून कुणी बोलत नाही.

काळाकोट
निळासावळा, प्रश्न बरोबर आहे. २००५ चा कायदा पुरुषाला अर्जदार म्हणून घेत नाही. पण मानसिक क्रूरता हे घटस्फोटाचं कारण पती-पत्नी दोघांनाही आहे, हिंदू विवाह कायदा कलम १३(१)(आयए). समर घोष विरुद्ध जया घोष (२००७) या निकालात सर्वोच्च न्यायालयाने मानसिक क्रूरतेची उदाहरणं दिली आहेत. त्यात एक गोष्ट ठळक आहे: किरकोळ कुरबुरी पुरत नाहीत, वागणूक दीर्घकाळ टिकलेली लागते. म्हणजे पुरुषालाही तारखेनिशी नोंदी लागतील. आणि मनावरच्या ताणासाठी टेलिमानस, १४४१६, सगळ्यांना खुलं आहे. दिवसरात्र, मोफत, मराठीतही.

टेम्स_ते_तापी
इकडची माहिती. इंग्लंड-वेल्समध्ये अशा सततच्या, धाकात ठेवणाऱ्या वागण्याला स्वतंत्र गुन्हा मानतात. २०१५ च्या कायद्याचं कलम ७६, २९ डिसेंबर २०१५ पासून लागू, शिक्षा पाच वर्षांपर्यंत. इथे लग्न करून येणाऱ्या मराठी मुलींना हमखास धमकी मिळते, "व्हिसा काढून घेईन, परत जाशील." जोडीदाराच्या व्हिसावर असताना छळामुळे नातं तुटलं तर तीन महिन्यांची तात्पुरती परवानगी आणि पुढे कायम वास्तव्याचा अर्ज अशी सोय आहे. मोफत हेल्पलाइन ०८०८ २००० २४७, चोवीस तास. ज्यांच्या मुली इकडे आहेत त्यांनी जपून ठेवा.

सांजवात
सगळ्यांचे मनापासून आभार. केवडाताई, घरीच करता येईल अशी ओळखण्याची पद्धत सांगाल? वहीत लिहिणं वगैरे?

केवडा
सांगते. तीस दिवसांची नोंद ठेवायची. रोज पाच मिनिटं, चार रकाने: तारीख-वेळ, काय म्हटलं गेलं (शब्द जसेच्या तसे), समोर कोण होतं, नंतर मी काय केलं. चौथा रकाना सगळ्यात महत्त्वाचा. "मला फार वाईट वाटलं" एवढ्यावर थांबू नका, काय *केलं* ते लिहा. नमुना:

"१२ ता., रात्री ९:२०. ‘तुझ्या बापाने हेच शिकवलं का’. मुलगा आणि सासूबाई समोर. मी दादाला उद्याचा फोन रद्द केला."

तीस दिवसांनी फक्त चौथा रकाना सलग वाचायचा. रद्द केलं, गप्प बसले, माफी मागितली, पैसे परत ठेवले, साडी बदलली. तिथे उत्तर मिळतं. आणि महिनाभरात दोन-तीनच नोंदी झाल्या, दोन्हीकडून माफ्या झाल्या, तर तेही कळतं. विनायकरावांच्या शंकेचं उत्तरही हीच वही देईल.

वायफायकाका
थांबा थांबा. वही सापडली तर? फोनवर लिहिली आणि फोन बघितला जात असेल तर? आधी हे वाचा.

छळ करणाऱ्याकडे बहुतेक वेळा फोनचा पासवर्ड असतो. बघायच्या जागा चार. व्हॉट्सॲपच्या सेटिंगमध्ये ‘लिंक्ड डिव्हाइसेस’: तिथे अनोळखी कॉम्प्युटर दिसला तर तुमचे मेसेज दुसरीकडे उघडतायत. गूगल खात्याच्या सुरक्षा विभागात ‘युअर डिव्हाइसेस’. गूगल मॅप्समध्ये फोटोवर टिचकी मारून ‘लोकेशन शेअरिंग’. आणि डायलवर *#२१# लावून कॉल कुठे वळवलेत का ते.

आता चूक कुठे होते ते. सापडलं की लोक लगेच सगळं काढून टाकतात. त्याच क्षणी पलीकडे कळतं आणि घरात दडपण वाढतं. म्हणून आधी नुसतं बघा. नोंदी, वकिलाशी बोलणं, नवा ईमेल, हे सगळं वेगळ्या फोनवरून करा, बहिणीच्या किंवा ऑफिसच्या. नव्या ईमेलला रिकव्हरी नंबर स्वतःचा किंवा विश्वासातल्या माणसाचा द्या. १८१ या महिला हेल्पलाइनला फोन केला तर तो कॉल लॉगमध्ये राहतो, हेही लक्षात असू द्या. निघायचं ठरलं की त्या दिवशी सगळं एकदम बदला.

नोंदीसाठी साधा उपाय: रोजची ओळ मैत्रिणीला सांगायची, तिने तिच्या वहीत लिहायची.

काळाकोट
काकांना पूर्ण अनुमोदन. पुराव्याबद्दल एवढंच: जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने वैवाहिक दाव्यात जोडीदाराचं गुपचूप केलेलं रेकॉर्डिंग पुरावा म्हणून घेता येतं असं सांगितलं. पण फाइल दुसऱ्या फोनवर पाठवून मूळ फोन विकलात तर पंचाईत. मूळ साधन जपा, सोबत भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र लागतं. आणि रेकॉर्डिंग करताना पकडलं जाण्याचा धोका असेल तर करू नका. वहीसुद्धा उपयोगी पडते.

पासबुक
पैशाचं राहिलं. पगार संयुक्त खात्यात जात असेल आणि खातं ‘आयदर ऑर सर्व्हायव्हर’ असेल तर एकटा माणूस सगळे पैसे काढू शकतो, बँक अडवत नाही. दुसऱ्या बँकेत, त्याच बँकेच्या दुसऱ्या शाखेत नव्हे, स्वतःच्या एकटीच्या नावाने खातं उघडा. मोबाइल स्वतःचा, स्टेटमेंट ईमेलवर, कागदी पत्रव्यवहार बंद. आधारला जोडलेला मोबाइल दुसऱ्याचा असेल तर आधार केंद्रात जाऊन आधी तो बदला, नाहीतर ओटीपी तिकडे जाईल.

क्रेडिट रिपोर्ट, म्हणजे आपल्या नावावरच्या कर्जांची नोंद, ती ठेवणाऱ्या प्रत्येक कंपनीकडून वर्षातून एकदा पूर्ण स्वरूपात फुकट मिळतो. काढून बघा, तुमच्या नावावर माहीत नसलेलं कर्ज निघतं कधी कधी. गृहकर्जात सहकर्जदार असाल तर वेगळं झाल्यावरही बँक तुमच्याकडे हप्ता मागू शकते. तुम्ही आपसांत काय ठरवलं त्याने बँक बांधली जात नाही. सह्या करून दिलेले कोरे धनादेश असतील तर नंबर लिहून ठेवा, ते थांबवता येतात.

दागिन्यांचे फोटो, लग्नातल्या पावत्या, मुलांचे जन्मदाखले, पासपोर्ट यांच्या प्रती माहेरी एका पाकिटात. मूळ कागद एकदम उचलू नका, रिकामी जागा लगेच लक्षात येते.

रेवती_अ
मनोमय, बऱ्याच जणी डॉक्टरकडे जातच नाहीत. "गोळ्या सुरू झाल्या तर कोर्टात वेडी ठरवतील, मुलं काढून घेतील" ही भीती. खरी आहे का?

मनोमय
भीती खूप खोल आहे, आणि छळ करणारे तिचाच वापर करतात. मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१७ नुसार तुमच्या उपचारांची माहिती गोपनीय आहे. नवरा विचारायला आला तरी तुमच्या संमतीवाचून ती देता येत नाही. अपवाद कायद्याने ठरवून दिलेले आहेत. नैराश्यावरचा उपचार मध्येच सोडणं जास्त घातक.

काळाकोट
आणि घटस्फोटासाठी नुसता मानसिक आजार असणं पुरत नाही. एकत्र राहणं अपेक्षितच करता येणार नाही इतका तो गंभीर असावा लागतो, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८८ मध्येच राम नारायण गुप्ता प्रकरणात सांगितलंय.

मनोमय
सावरण्याबद्दल लिहितो, कारण धाग्याचा दुसरा अर्धा प्रश्न तोच होता.

बाहेर पडल्यावर लगेच हलकं वाटेल ही अपेक्षा सगळ्यात जास्त फसवते. पहिले आठवडे उलट होतं. झोप उडते, चुकल्यासारखं वाटतं, छान दिवसच आठवतात. एकदा फोन करून बघू, ही ओढ लाटेसारखी येते आणि ओसरते. त्यासाठी वहीतली पाच वाक्यं एका कागदावर काढून ठेवा. ओढ आली की आधी तो कागद वाचायचा, मग वीस मिनिटं चालून यायचं, मग ठरवायचं.

आधी झोप आणि जेवण. झोपायची-उठायची वेळ ठरलेली, दुपारनंतर चहा बंद. मग निर्णय. वर्षानुवर्षं विचारून वागलेल्या माणसाला "आता तू ठरव" म्हटलं की घाम फुटतो. म्हणून लहानापासून सुरुवात: आज भाजी कोणती, कुणालाही न विचारता. आठवड्याने, रविवारी कुठे जायचं. चुकलं तर? वांगी कडू निघाली, एवढंच. चुकल्यावर कुणी बोललं नाही, हा अनुभव मनाला पुन्हा पुन्हा द्यावा लागतो.

मुलांमुळे संपर्क ठेवावा लागत असेल तर लेखी, तीन ओळींत, फक्त माहिती. "शनिवारी ५ ला आणायला येईन. दप्तर घेऊन ये." जुन्या विषयाला उत्तर नाही, खुलासा नाही. खुलासा दिला की दार उघडतं.

आणि जोडप्याने एकत्र समुपदेशनाला जाण्याआधी सांभाळा. धाक असेल तर तिथे खरं बोलता येत नाही, बोललंच तर घरी त्याचा वचपा निघतो. आधी स्वतंत्र बसायला मागा. समुपदेशक पहिल्याच भेटीत "दोघांनी थोडं थोडं जुळवून घ्या" म्हणाला तर दुसरा बघा.

हिरकणी७
आईवडिलांनी काय करावं तेही सांगा त्या दहा मिनिटांत. "ताबडतोब निघून ये" हासुद्धा हुकूमच होतो. तिच्यावतीने ठरवणारं आणखी एक माणूस वाढतं. आणि ती नाही आली तर आपण चिडतो, मग ती आपल्यालाही सांगेनाशी होते. "तुझी खोली आहे. रात्री दोनला आलीस तरी दार उघडेन, कारण विचारणार नाही." एवढं म्हणायचं आणि दर आठवड्याला फोन चालू ठेवायचा.

केवडा
हिरकणी, अगदी हेच. मुंबईत पोलिसांबरोबर टाटा समाजविज्ञान संस्थेने १९८४ मध्ये महिला व मुलांसाठी विशेष कक्ष सुरू केला. असे कक्ष आता राज्यात इतरत्र पोलीस ठाण्यांच्या आवारात आहेत. तिथल्या समाजसेविका गुन्हा नोंदवण्याआधीही बोलतात. ठाण्याची पायरी चढायची भीती असेल तर जिल्ह्याच्या ‘सखी’ केंद्रात जा. वैद्यकीय मदत, वकील आणि तात्पुरता निवारा एकाच ठिकाणी.

सांजवात
आता कार्डाकडे येते. ‘मानसिक छळ’ असं छापलेलं कार्ड घरी नेलं तर ज्या बाईला खरी गरज आहे तिलाच ते महागात पडेल. हे काल रात्री वायफायकाकांचं वाचून लक्षात आलं. काय करू?

आबोली_म्हापसा
एका बाजूला स्वयंपाकाची मापं दे! वाटीला किती रवा, किती साखर. फ्रिजवर चिकटवतील सगळ्या.

पासबुक
आणि मागे "घरात हवेत असे नंबर". त्यात १८१ मधेच बसेल. कुणाला कळणारही नाही.

सांजवात
सुचलं! अशा ओळी केल्या: गॅस गळती १९०६, अग्निशमन १०१, रुग्णवाहिका १०८, ज्येष्ठ नागरिक १४५६७, मुलांसाठी १०९८, महिला १८१, मन मोकळं करायला १४४१६, कायदेशीर सल्ला १५१००, तातडीची कुठलीही मदत ११२. बाकी सगळं तोंडी सांगेन: पावतीचा फोटो, अबोला, ‘नाही’चा प्रश्न, चौथा रकाना. शेवटी ओटीवर बसून कुणाला काही वेगळं विचारायचं असेल तर मी भांडी आवरायला थांबणारच आहे.

वायफायकाका
उत्तम. फक्त १८१ ठळक अक्षरात किंवा लाल शाईत छापू नका. सगळे नंबर एकाच आकारात ठेवा. आजींसाठी अक्षर मोठं हवं, तर सगळ्यांचंच मोठं करा.